पप्पांनी बुजवलेली भोकं

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि खरं इंजिन मी अजून जवळून पाहिलं नव्हतं. यात सगळा दोष माझाच नसावा. आमचे सर फळ्यावर इतक्या सुबक आकृत्या काढत, की प्रत्यक्ष इंजिनाने मध्ये येऊन घोळ घालू नये असं त्यांना वाटत असावं. घरात मात्र माझी भलतीच ख्याती होती. आमच्याकडे माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे मिक्सर बंद पडला की आई माझ्याकडे बघायची. मी मिक्सरकडे बघायची.

पप्पा सैन्यात ड्रायव्हर-मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर साताऱ्याकडे परतायचं सोडून आम्ही माझ्या शिक्षणासाठी चंदीगडजवळ झिरकपूरला भाड्याने राहिलो आणि पप्पांनी एका सरदारजींबरोबर भागीदारीत जुना ट्रक घेतला. जूनमध्ये त्या ट्रकचं इंजिन बसलं. हिमाचलातली सफरचंदं उतरायला लागायच्या आत ट्रक रस्त्यावर यायला हवा होता, कारण वर्षाची खरी कमाई त्याच दिवसांतली. ट्रक विकावा लागला तर आम्ही गावी जाणार आणि माझं कॉलेज अर्ध्यावर सुटणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

सरदारजींनी भंगार बाजारातून अपघात झालेल्या एका नव्या मॉडेलच्या ट्रकचं इंजिन मिळवलं. विकणाऱ्याची अट सरळ होती. चालू करून बघा, तेलाचं प्रेशर येत नसेल तर लगेच परत आणा, उशीर केलात तर मी तुम्हाला ओळखत नाही.

एका ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत चेन-पुलीला लटकलेलं ते इंजिन मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याची भोकंच दिसली. मूळ ट्रकात तिथे बरेच सेन्सर असणार, ते कुणीतरी आधीच काढून घेतले होते. आमच्या डॅशबोर्डवर काटे दोनच होते, एक तेलाच्या दाबाचा आणि एक पाण्याच्या गरमीचा. शेजारी खंडोबा आणि सरदारजींच्या गुरूंचा फोटो. त्या दोघांचं उत्तम जमायचं, भांडायचे ते ट्रकचे मालक. तेव्हा काम असं होतं, की जुन्या इंजिनाचे दोन सेन्सर काढून नव्याला लावायचे आणि उरलेली भोकं बुजवायची.

सरदारजींनी सुचवलं, लाकडाच्या खुंट्या ठोकू. त्यांनी रेजिमेंटच्या झेंड्याला नाक पुसलं असावं अशा नजरेने पप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. सैन्यात पप्पांच्या गाडीखाली कधी तेलाचा थेंब सापडला नाही, ही कथा आमच्याकडे आरतीइतकी नियमित व्हायची. त्यांनी लेथवाल्याकडून आट्यांचे प्लग करून आणले. प्रत्येकाला नळाची पांढरी टेप गुंडाळली आणि वरून गॅस्केटचं चिकट मलम थापलं. हात चाललाच होता, म्हणून दोन्ही सेन्सरनाही तोच थाट केला.

"पेच को पगड़ी बांध रहा है, फौजी?" सरदारजींनी विचारलं. पप्पा हसले नाहीत.

इंजिन ट्रकात चढवून झालं, रविवारी सकाळी आईने बॉनेटवर कुंकू लावलं आणि पप्पांनी स्टार्टर मारला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आम्ही सगळे तेलाच्या काट्याकडे बघत होतो. काटा शून्यावर होता. पप्पांनी घाईघाईने इंजिन बंद केलं. तेल भरलेलं आहे की नाही ते पाहून पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. काटा हलला नाही.

सरदारजी खाली उतरून कडेला पडलेल्या जुन्या अ‍ॅक्सलवर बसले. भंगारवाल्याच्या सात पिढ्यांना पंजाबीत ओवाळून झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, इंजिन परत करू, ट्रकही देऊन टाकू, मी आता थकलो. पप्पांनी पाना कापडाने पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

मला एक शंका होती, पण ती शंका मला आली म्हणूनच चुकीची असेल असं वाटत होतं. कॉलेजच्या प्रयोगात परतीची वायर जोडायला विसरल्यामुळे माझा बल्ब एकदा लागला नव्हता आणि तेव्हापासून लॅब असिस्टंट मला 'वन वायर' म्हणायचा. मी पप्पांजवळ जाऊन हळूच मराठीत सुरुवात केली.

"हिंदीत बोल," पप्पा म्हणाले. भागीदाराला न कळणाऱ्या भाषेत बोललं की भागीदारी नासते, असा त्यांचा नियम होता.

मग मी सरदारजींच्या देखत विचारलं, "पापा, सेन्सर से तार तो एक ही जाती है. वापसी वाली कहाँ है?"

पप्पांनी मला समजावून सांगायला घेतलं, तेही नेहमीच्या चिकाटीने. "दूसरी तार नहीं होती, बेटा. सेन्सर की बॉडी ही अर्थ है. चूड़ी सीधी इंजन को लगती है, इसलिए..."

तिथे ते थांबले. सरदारजी अ‍ॅक्सलवरून उठले. दोघांनी मिळून त्या सेन्सरकडे पाहिलं. त्याचे आटे टेपेत आणि मलमात असे गुंडाळले होते, की लोखंडाला लोखंड कुठेच लागत नव्हतं; विजेची परतीची वाटच बुजली होती.

पप्पांनी वायरचा एक तुकडा घेतला. एक टोक सेन्सरच्या अंगाला टेकवलं, दुसरं इंजिनाला, आणि मला केबिनमध्ये चढायला सांगितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रकचा स्टार्टर मारला. काटा थरथरला, वर चढला आणि वरच राहिला.

"आ गया," मी म्हणाले. माझा आवाज इंजिनात कुणाला ऐकू गेला नाही, म्हणून मला खिडकीतून हात हलवावा लागला.

सगळी टेप काढून, आटे ब्रशने घासून पप्पांनी दोन्ही सेन्सर तांब्याच्या वॉशरवर कोरडेच बसवले. काटे आता चोख चालत होते, पण तेलाच्या सेन्सरच्या मुळाशी तेलाचा एक थेंब जमायचा आणि पडायचा. पप्पा उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी खिशातून टेप काढली तेव्हा सरदारजींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"टपकने दे, फौजी. पता तो चलता है, अंदर तेल है."

ट्रक सीझनला गेला. त्या वर्षी खेप टाकून घरी आले की पप्पा आधी ट्रकखाली वाकून थेंब पडतोय ना ते बघायचे, मग हात धुता धुता मला विचारायचे, कॉलेजला गेली होतीस ना?