मोशे गेला आणि गल्लीत पिठलं शिजलं

ऐका, पण हसायचं नाही. जो हसेल त्याचा चहाचा कप मी अर्ध्यावर काढून घेईन! साताऱ्यातली आमची अख्खी गल्ली मी एकदा मयतीला गोळा केली. आणि मेलं कोण? कुणीच नाही!

शेजारी सुभेदारकाका. फौजेतून रिटायर, धर्मानं ज्यू. तोरा म्हणजे त्यांची पोथी. दर शनिवारी तिचा ठरलेला भाग वाचायचा, की वर्षभरात पोथी पुरी. काकू गेल्या, काकांची नजर अधू झाली. मग वाचणार कोण? मी! चौथी पास. अक्षराखाली बोट धरून, मराठीतनं, खणखणीत.

वाचता वाचता भांडायचेही.

"काका, ही मान्सं समुद्रातनं कोरडी पार झाली, वरनं आयतं खायला पडतंय, तरी कुरकुर? द्या माझ्या ताब्यात!"

"तू असतीस तर रानात चाळीस वर्षं लागलीच नसती," काका म्हणायचे.

त्यांचा म्होरक्या मोशे, त्याच्यावर मात्र माझा लय जीव. असल्या लोकांना मिसरच्या गुलामीतनं सोडवून, देवानं कबूल केलेल्या मुलखाकडं रानातनं हाकत नेत होता बिचारा!

मागल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास काका म्हणाले, "पोथी संपली की बास. ठाण्याला मुलाकडे जातो. ऐकायला कोण आहे इथं?"

म्हणजे शेजारचं दार कायमचं बंद?

पोथी संपायच्या त्यांच्या सणाला शेवटचा भाग काढला. आणि काय वाचते? देवानं मोशेला डोंगरावर नेलं, समोरचा तोच मुलूख दाखवला आणि सांगितलं, तुला तिथं जाता यायचं नाही! तिथंच गेला हो तो!

मी बाहेर पायरीवर बसून भोकाड पसरलं. मी! गल्लीनं मला फक्त दुसऱ्याला रडवताना पाहिलेलं.

समोरची शमीमभाभी धावत आली. "काय झालं गं?"

"मोशे गेला!"

"काकांच्यातला?"

"काकांच्यातलाच!"

झालं! टॉवेल खांद्यावर टाकून पुरुष मंडळी जमली. मयताच्या घरात चूल पेटत नाही म्हणून कुणी पिठलं-भाकरी टाकायला घेतली.

कोपऱ्यावरच्या शिंदेमामांनी विचारलं, "मयत कुठाय?"

"डोंगराखालच्या खोऱ्यात. देवानंच पुरलं. जागा कुणालाच ठावं न्हाई."

"आरं तिच्या! पोलिसात कळवलं का?"

तोवर पिठलं आलं आणि सगळे काकांच्या घरात शिरले. मामांनी काकांना मिठीच मारली. "सुभेदार, धीर धरा. वय काय हुतं?"

काका बावचळून माझ्याकडे बघायला लागले. मी हुंदका देत म्हणाले, "एकशेवीस! पण नजर शाबूत हुती!"

मामांची मिठी सुटली.

"काठीवाले? समुद्र दुभंगला त्ये?" शमीमभाभी म्हणाली. "आगं, त्ये तर आमचे मूसा नबी! हजारो वर्षं झाली त्यास्नी जाऊन!"

काका इतके हसले की कवळी हातात आली. "अगं, आज आम्ही रडत नाही, नाचतो! शेवट वाचला की लगेच पहिलं पान उघडायचं. माझं घर कधी एवढं भरलं नव्हतं. वाच!"

मी वाचलं. अंधार होता, मग उजेड झाला. मंडळी पिठलं खात ऐकत बसली. पुढल्या शनिवारी शिंदेमामा स्वतःची खुर्ची घेऊन हजर. "म्होरं काय झालं?"

मुलाचा फोन आला तेव्हा काका म्हणाले, "आत्ता कुठं जग तयार झालंय, एवढ्यात कसा येऊ?"

पण मला चैन पडेना. "काका, मोशेला आत का न्हाई सोडलं?"

"पाणी काढायला देवानं खडकाशी नुसतं बोलायला सांगितलं होतं. यानं रागाच्या भरात काठी हाणली. तूच वाचलंस की! 'बरं केलंस!' म्हणालीस वर."

आता सांगा. खडकाला हाणली म्हणून मोशे वेशीबाहेरच राहिला. मला तर देवानं मिसरातनंच निघू दिलं नसतं!