आरसा, बेल्ट, पदर

मी फार बोलत नाही. वर्गात हजेरीच्या वेळी माझा आवाज बाईंपर्यंत पोहोचत नाही, म्हणून शेजारची मुलगी माझ्या वतीने ओरडते. पण न बोलणाऱ्याचा एक फायदा असतो. लोक त्याच्यासमोर मोकळं बोलतात! स्वयंपाकघरात मी मेथी निवडत बसलेली असते आणि बायका अशा बोलत असतात, जणू तिथे फक्त मेथीच आहे. असे किस्से साठत गेले. कोणी विचारलं नाही, म्हणून लिहून काढते.

माझी आई नगरला एका ड्रायव्हिंग केंद्राच्या होस्टेलवर स्वयंपाक करते. (नाव अहिल्यानगर झालं, तरी आमच्याकडे अजून सगळे नगरच म्हणतात.) स्वयंपाकघरामागच्या खोलीत आम्ही दोघी राहतो. एक संस्था गरीब घरातल्या बायकांना इथे स्कॉलरशिप देते. सहा महिने राहणं, जेवण, फी, सगळं त्यांचं. लायसन मिळालं की शाळेच्या व्हॅनवर नाहीतर दुधाच्या टेम्पोवर नोकरीला लावतात. अट एकच. आठवड्याहून जास्त गैरहजर राहिलं की जागा दुसऱ्या बाईला जाते.

शिकवतात शेळके सर. त्यांचा उभा जन्म एसटी चालवण्यात गेला. आता ते शेजारच्या सीटवर बसतात आणि त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक असतो. ते म्हणतात, "माझी नोकरी तीच आहे, फक्त भीती वाढली आहे!"

*

मंदामावशी पाथर्डीकडची. लग्न झाल्यापासून दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. पहिल्या दिवशी आई उठून दार उघडते तर उजाडायच्या आत फाटकाशी कोणीतरी उभं. मंदामावशी! अंघोळ झालेली, साडी वर खोचलेली, फडक्यात बांधलेली भाकरी हातात. शिकवायच्या गाडीला खेटून उभी होती.

"अहो, क्लास नऊला असतो," आई म्हणाली.

"नऊला? मग तवर काय करत्यात?"

"झोपतात."

मंदामावशीला ते खरंच वाटेना. टोळीत दिवस उगवायच्या आत फडात नसलं तर मुकादम खोपीच्या दारात येऊन ओरडतो, असं तिने सांगितलं. आईने तिला चहा दिला. पुढे बरेच दिवस ती तशीच पहाटे उठायची आणि करायला काही नाही म्हणून अख्खं अंगण झाडून काढायची. एकदा शेळके सर लवकर आले. म्हणाले, "मंदाबाई, अंगण झाडून लायसन मिळत नाही. झोपायलाही शिकावं लागेल!"

*

हिरा राजूरच्या वरच्या एका पाड्यातली. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, वर्गात सगळ्यात लहान. तिची अडचण अशी, की गाडीत बसलं की तिला उलटी होते. घरून नगरला येईपर्यंत एसटीत तिचे सगळे डोंगर आणि सगळे घाट बाहेर पडले होते. पहिल्या दिवशी मागच्या सीटवर बसली आणि मैदानाच्या दुसऱ्या फेरीत, "सर, थांबवा!"

सर हताश झाले. अशा मुलीचं करायचं काय? दुसऱ्या दिवशी वैतागून त्यांनी तिला थेट स्टिअरिंगवर बसवलं. हिराने चार फेऱ्या मारल्या आणि काहीच झालं नाही! दुसरं कोणी चालवत असलं की उलटी, स्वतः चालवलं की ठणठणीत.

सरांनी तिला समोर उभं केलं. "पोरी, तुला नोकरी मिळालीच पाहिजे. नाहीतर तू आयुष्यात कुठेच जाऊ शकणार नाहीस!"

सगळ्या हसल्या. हिरासुद्धा हसली, पण संध्याकाळी चपात्या लाटताना ती हळूच म्हणाली, "सर म्हनले ते खरंच हाय."

*

लर्निंग लायसनची परीक्षा कॉम्प्युटरवर असते. मंदामावशी पाचवीपर्यंत शिकलेली, वाचते पण बोट ठेवून. रस्त्यावरच्या चिन्हांचा तक्ता पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. शिकवायला बोलावं लागतं, पण एका माणसाशी मी बोलू शकते.

तक्त्यात एक चित्र आहे, पाठीवर दप्तर घेतलेली दोन मुलं. मी विचारलं, "हे काय?"

"पोरं शाळा सोडून चालल्यात."

"नाही मावशी. पुढे शाळा आहे. मुलं शाळेत चालली आहेत."

"न्हाई गं. ती बघ, घाईत हायत. टोळीचा ट्रक आला असंल."

तिची मुलगी सोनाली माझ्याच वयाची आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तिची शाळा तुटायची आणि उन्हाळ्यात परत जोडायची. ती आता आजीजवळ गावात राहून नववीत शिकते. यंदा प्रथमच तिचं वर्ष सलग जाणार होतं. मावशी इथे आली ती त्यासाठीच.

परीक्षेत नेमकं तेच चित्र आलं. मावशी पास होऊन आली आणि मला म्हणाली, "तू सांगितलंस तेच बटन दाबलं बघ. खरं काय ते मला ठाव हाय, पन कॉम्प्युटरशी कोन भांडनार?"

*

आता नावातला किस्सा.

गाडी पहिल्यांदा पाथर्डी रोडला निघाली तेव्हा स्टिअरिंगवर मंदामावशी, शेजारी सर, मागे तोंडाला रुमाल लावून हिरा. हा सगळा प्रकार मला हिरानेच सांगितला. मावशी झकास चालवत होती. सर चक्क खिडकीबाहेर बघत होते. तेवढ्यात रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर मावशीला मुकादम दिसला. हा मुकादम तिचा चुलत सासराही लागतो.

सासरा दिसला की काय करायचं? डोक्यावर पदर घ्यायचा! मावशीने घेतला. दोन्ही हातांनी, नीट, कपाळापर्यंत.

गाडी सुसाट टपरीकडे निघाली. सरांनी एका हाताने स्टिअरिंग ओढलं आणि जादा ब्रेकवर उभेच राहिले. टपरीच्या बाकड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. बाकड्यावरची माणसं पळाली होती. मुकादम तेवढा हातात कप धरून जागच्या जागी बसून राहिला.

सर घाम पुसत म्हणाले, "मंदाबाई, मान द्यायला सासरा जिवंत तरी राहू द्या!"

दुसऱ्या दिवशी सरांनी नियम बदलला. गाडी सुरू करण्याआधी सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, "आरसा, बेल्ट, पदर!" आणि पदराला दोन सेफ्टी पिना. ड्रेस घालणाऱ्या हिरालाही ते म्हणावं लागतं.

*

पण मुकादमाने तिला पाहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात तो मंदामावशीच्या नवऱ्याला घेऊन केंद्रावर आला. आईने चहा दिला.

"काय गं मंदे, गाडी हाकतीस म्हनं?"

"व्हय मामा."

"हाक की. पन दसरा झाला की ट्रक येनार. तुमचा कोयता मी धरलाय."

सर मध्ये पडले. "पक्क्या लायसनची परीक्षा दिवाळीनंतर आहे. आता गेल्या तर त्यांची जागा जाईल."

"मग ह्याला काय करू मी? ह्यो अर्धा कोयता कुठं ठिवू?"

मंदामावशीचा नवरा त्याच्याशेजारीच उभा होता. तो कपातल्या चहाकडे बघत राहिला.

ते गेल्यावर सगळ्या स्वयंपाकघरात आल्या. मला राहवलं नाही. "अर्धा कोयता म्हणजे काय?"

"अगं बया, ही बोलती!" हिरा ओरडली.

मंदामावशीने मला समजावून सांगितलं. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचं, एकाने मोळी बांधून डोक्यावर वाहायची. नवरा एकटा आला तर तो अर्धा.

"आणि बायको एकटी आली तर?"

मावशी कढई घासत होती, ती घासतच राहिली. "अर्धीच. पन अर्धी बाई घेतंय कोन?"

*

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मंदामावशीची सासू आली. बारीक, वाकलेली म्हातारी, तोंडात सतत सुपारी. आल्या आल्या आईला म्हणाली, "तुमी सैपाक करता ना? मग माझ्या सुनंला बी तेच शिकवायचं. बाईच्या जातीनं गाडी हाकून कुठं जायाचं हाय?"

सरांनी तिला गाडीत बसा म्हटलं. सुनेच्या शेजारी ती बसली नाही, मागे बसली, दार दोन्ही हातांनी धरून. मंदामावशीने पिन लावली, बेल्ट लावला, मैदानाला फेऱ्या मारल्या. वळणावर म्हातारी ओरडायची, "हळू! हळू गं भवाने!" रिव्हर्स घेतला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

खाली उतरल्यावर आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो. म्हातारीने गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "बैलाला शिव्या द्याव्या लागत्यात, वैरन घालावी लागती. हिला कायबी न्हाई. ह्यात सहा म्हैने शिकायचं काय?"



*

दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला. हात पिठाचे होते म्हणून मावशीने स्पीकर लावला होता.

"उद्या सकाळी ट्रक निघतोय. मुकादम म्हंतो, तू येत न्हाईस तर सोनीला घे. कोयता पुरा झाला म्हंजे झालं."

"आन तुमी काय म्हनला?"

"मी काय म्हननार? शब्द देऊन बसलोय."

फोन बंद झाला. मावशीने उरलेल्या भाकरी थापल्या, एकही जाळली नाही. मग हात धुऊन खोलीत गेली आणि गाठोडं बांधलं. सोनाली जाणार नाही, आपण जाणार, असं तिने घरी उलटा फोन करून सांगितलं. ट्रक नगरवरूनच जातो, फाटकाशी थांबवा म्हणाली.

शेळके सर आले. त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही. "मंदाबाई, आठवडाभर मी जागा धरून ठेवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही. दुसरी कोणीतरी येईल."

"येऊ द्या की सर. ती तरी शिकंल."

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. हिरा रडत बाहेर गेली. मी मेथी निवडत होते. निवडून झालेली जुडी मी परत निवडली.

*

सकाळी ट्रक आला. मागे माणसं, बायका, पोरं, भांडी, कोंबड्या, खोपीसाठी घड्या केलेले प्लास्टिकचे कागद. मुकादम ड्रायव्हरशेजारी बसला होता. आम्ही सगळ्या फाटकाशी उभ्या होतो. सरही उजाडताच आले होते. मंदामावशी गाठोडं डोक्यावर घेऊन पुढे झाली आणि थबकली.

ट्रकमध्ये फळीला धरून तिची सासू उभी होती. साडी वर खोचलेली, डोक्याला फडकं, हातात कोयता. शेजारी नवरा मान खाली घालून बसला होता.

"आत्याबाई? तुमी?"

"सोनीला तुझ्या भावाकडं धाडलीय. शाळंजवळच हाय त्यो," म्हातारी म्हणाली. "तू कशापायी आलीस गाठोडं घिऊन? खाली ठिव ते."

मुकादम खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "म्हातारे, मी तुला घरापासनं सांगतोय. तुला मोळी उचलायची न्हाई. अजून येळ हाय, उतर खाली, मंदीला चढू दे."

"ह्याच्या बापाचा कोयता मीच पुरा केला व्हता," म्हातारीने मुलाच्या डोक्याकडे बोट केलं. "ह्याचा बी करीन."

मंदामावशीने गाठोडं फेकलं आणि फळीला हात घातला. ती वर चढणारच होती. "आत्याबाई, उतरा. तुमची कंबर न्हाई ऱ्हायली. उतरा म्हंते ना!" म्हातारीने तिची बोटं फळीवरून एकेक करून सोडवली. मावशी परत धरायची, म्हातारी परत सोडवायची. ट्रकमधले सगळे बघत होते. मुकादम बघत होता. ड्रायव्हर मागे वळून बघत होता, आणि ट्रक काही हलत नव्हता.

तेव्हा म्हातारीने सुपारी थुंकली, कोयत्याच्या दांड्याने ट्रकच्या केबिनवर दोनदा ठोकलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "ए ड्रायव्हर! हलवतोस का माझ्या सुनंला बशिवू तितं?"