जांभळाची वाईन आणि पोह्याचे पापड

"पोटात काय हाय का?"

हा तिचा पहिला प्रश्न. समोर मुंबईचा साहेब असो, नवं लग्न झालेलं जोडपं असो, नाहीतर रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेला कामगार असो, उपाशी पोटी ती कुणाच्या हातात ग्लास जाऊ द्यायची नाही. मी बाटली तिरकी केली की माझं मनगट धरायची. "थांब गो. आदी खाऊ दे त्याला." मग बशी पुढे यायची. तळलेले पोह्याचे पापड, मीठ लावून भाजलेले वाल, तांदळाच्या भाकरीच्या तुकड्यावर जवळ्याची चटणी. चार घास पोटात गेले की ती माझा हात सोडायची.

पेणहून रोह्याकडे जाताना कासूच्या अलीकडे एका कुटुंबाची जांभळांची बाग आहे. तिथेच वाईन बनते आणि आलेल्या माणसाला चाखायला मिळते. मी पेणची. शनिवार-रविवारी तिथे वाईन ओतायचं आणि पाहुण्यांना माहिती सांगायचं काम करायचे. ती मालकांची थोरली बहीण. खाण्याचं सगळं तिच्याकडे.

तुम्ही अशा ठिकाणी गेला असाल तर पाहिलं असेल, लोक ग्लास गोल गोल फिरवतात आणि मग त्यात नाक घालतात. ती ते बघायची आणि तिचं डोकं फिरायचं. "वास काय घेतोस? नासली नाय." पाहुणे हसायचे. ती हसायची नाही. ती रागीटच होती. तेल वेळेवर तापलं नाही तर तेलावर चिडायची, मालकांवर तर रोज चिडायची.

मालक मात्र तिला हाताला धरून बाहेर आणायचे. "ही माझी बाय," पाहुण्यांना सांगायचे. "आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. हिने मिठागरात डोक्यावरून मीठ वाहून मला वाढवलं. ही झाडंपण हिनेच लावलीत, मी नुसत्या बाटल्या भरतो." ती म्हणायची, "बस झाला तुजा कीर्तन." आणि आत जायची. पण जाताना तिची चाल जरा सावकाश व्हायची, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मालक गेले आणि त्यांचा मुलगा मुंबईची नोकरी सोडून बाग सांभाळायला आला. तो माणूस मला तेव्हाही आवडला नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमची फसवणूक नको.

आल्या आल्या त्याने जवळ्याची चटणी बंद केली, कारण वास येतो. वाल बंद केले, कारण सालं पडतात. त्यांच्या जागी पाकिटातलं चीज आणि बिस्किटं आली. पोह्याचे पापड तेवढे राहिले, कारण पेणचे म्हणून पाहुणे ते मागायचे. आत्याला त्याने एप्रन दिला. तिने तो लुगड्यावर बांधला, वर बडबड केली, पण बांधला. भावाचा मुलगा होता. त्याने काहीही दिलं असतं तरी तिने बांधलं असतं.

एका रविवारी हमरापूरला गणपतीचे कारखाने बघून एक मोठा घोळका आमच्याकडे आला. त्यातल्या एका बाईंना पापड फार आवडले. "कुणी केले हो हे?" त्यांनी विचारलं. ती नेमकी गरम पापडांची परात घेऊन बाहेर आली होती. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ह्या आमच्या कुक आहेत."

तिने परात खाली ठेवली.

"तुजा नाव कोनी ठेवला रं?"

आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या, आणि जमलेल्या बायका त्यासाठी तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

"मी ठेवला," ती म्हणाली. "बायकांनी इतकं मारलं का मना वाकता येत नव्हता. तरी हसत व्हते. बोल आता, कोन मी तुजी?"

"नंतर बोलू. पाहुणे आहेत."

"मंग पाहुन्यांनाच सांग."

एक शब्द बोलायचा होता त्याने. तो पाहुण्यांकडे वळला, "सॉरी, वय झालंय त्यांचं," म्हणाला आणि चीजची बशी पुढे सरकवली. माझ्या हातातली बाटली त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. ती आत गेली, गॅस बंद केला, एप्रन सोडून त्या चीजच्या बशीवर टाकला आणि निघून गेली.

त्यानंतर ती कासूच्या जुन्या घरात राहिली. मी अधूनमधून जायचे. ती शेजारणींचे पापड लाटून द्यायची आणि लाटता लाटता त्याला शिव्या द्यायची, अगदी मनापासून. "त्याचा काय खातंय का मी?" म्हणायची. मग जरा वेळाने, "येऊ दे एकदा. दारात उभा राहून आत्या म्हनू दे. लगेच उठून येतंय बग मी." गणपतीत त्याने ड्रायव्हरच्या हाती साडी पाठवली. तिने ती तशीच परत धाडली. "डायवर माजा भाचा हाय काय?" मी त्याला जाऊन स्पष्ट सांगितलं की तिला साडी नको, तुम्ही हवे आहात. "बघू, सीझन संपू दे," तो म्हणाला.

सीझन संपला, दुसरा आला. ती थंडीत गेली. तापाचं निमित्त झालं.

आता तिथे मेनूवर पहिलं नाव आहे 'आत्याचं ताट'. पोह्याचे पापड, भाजलेले वाल, जवळ्याची चटणी. सगळं परत आलंय, एका लाकडी पाटावर, जांभळाच्या वाईनच्या तीन ग्लासांबरोबर. भिंतीवर तिचा मोठा केलेला फोटो आहे, त्याच्याच बारशातला. मांडीवर तो आहे. पाहुणे थांबून बघतात आणि हा पठ्ठ्या त्यांच्याजवळ जाऊन ओल्या आवाजात सांगतो, "ही माझी आत्या. माझं नाव हिनेच ठेवलं. आत्या म्हणजे या घराचा जीव होती."

मागच्या महिन्यात मी ते ऐकलं आणि काम सोडलं. तो शब्द त्याच्या तोंडातून इतका सहज निघत होता. आत्या, आत्या, आत्या. कासू तिथून अगदी जवळ आहे. त्याची गाडी कायम दारात उभी असायची.