उलट्या हाताचा इंजिनियर

बातमी आली तेव्हा मी गोंदियातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला राईस मिलचा पट्टा दाखवत होतो. या पट्ट्यानं हत्ती बांधला तर हत्ती म्हातारा होईल पण पट्टा ढिला पडणार नाही, असं त्याला जवळपास पटवत आणलं होतं, आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे हिवराजच्या समाजभवनाच्या समितीतला एक सदस्य होता. "भाऊ, हिवराजभाऊ गेले. भवनात लग्न होतं, तिथंच अटॅक आला." मी विचारलं, "कुठं उभा होता?" म्हणाला, "कूलरजवळ." मी म्हटलं, "करंट लागला काय?" मागं बँड वाजतच होता, त्यात त्यानं आवाज खाली आणला. मग तो म्हणाला, "माणूस गेला ना भाऊ. आता बाकीचं कायले इचारून राहिले?" ... मी जन्मभर वाढवून सांगत आलो आहे. माझी कुठलीही गोष्ट ऐकली की ओळखीचे लोक तिला मनातल्या मनात चारानं भागतात. त्यामुळे समोरचा कमी करून सांगतो आहे, हे मला इतरांच्या आधी कळतं. तो माणूस कमी करून सांगत होता.

हिवराज आणि मी दोघेही कामठ्याचे. त्याच्या बापाची धानाची शेती, माझ्या बापाचं किराण्याचं दुकान. आम्ही शाळेत असताना गावात पहिल्यांदा वीज आली. दिवा लागला त्या संध्याकाळी उजेड असा पडला की गावातले कोंबडे आठवडाभर आरवतच राहिले आणि शेवटी घसा बसून गप्प झाले. एका म्हाताऱ्यानं बल्बला बिडी लावून पाहिली. बायकांनी खांबाला हळदकुंकू वाहिलं. सगळं गाव माना वर करून बघत असताना हिवराज तेवढा खाली बघत होता. खांबाच्या अंगानं एक तार उतरून जमिनीत शिरली होती, तिच्यापाशी तो उकिडवा बसला होता. "हा तार जमिनीत कायले गेला?" त्यानं लाईनमनला विचारलं. लाईनमन म्हणाला, "तुले काय करा लागते? हो बाजूले." बाजूला झाला, पण तो प्रश्न काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्या एका तारेमागे तो गोंदियाच्या शाळेत सायकल मारत गेला, तिथून नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजात.

नागपुरात पोरं त्याच्या बोलण्याला हसत. तो 'जाऊन राहिलो', 'खाऊन राहिलो' म्हणायचा आणि होस्टेलची पोरं त्याची नक्कल करून राहायची. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मास्तरांनी विचारलं, इमारतीला अर्थिंग कशासाठी करतात? बाकीच्यांनी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली होती. हिवराज म्हणाला, "सर, करंटले घरी जायाले वाट पायजे. आपण नाई देल्ली तं तो आपल्या आंगातून जाते." मास्तर इतके हसले की त्यांचा चष्मा पार वर्ध्याला जाऊन पडला. पण मार्क त्यांनी पैकीच्या पैकी दिले, हे मात्र भागायची गरज नाही, मी स्वतः पाहिले आहेत.

तिथंच कधीतरी त्याला जबरदस्त झटका बसला आणि त्यातून त्याची ती सवय आली. पत्र्यात करंट आहे की नाही याची शंका असली की आधी हाताची मागची बाजू लावायची. सुलटा हात लावला आणि करंट असला, तर मूठ आपोआप मिटते आणि माणूस चिकटून राहतो. उलटा हात झटक्यासरशी मागे फेकला जातो. हे शास्त्र झालं. पण हिवराजनं ते इतकं मनावर घेतलं की दाराची कडी, चहाचा पेला, म्हशीची पाठ, पोराच्या कपाळावरचा ताप, सगळ्याला आधी उलटा हात. लग्नात भटजींनी नवरीचा हात धरायला सांगितलं तर तिथंही यानं आधी उलटा हात टेकवला. यशोदावहिनी ही गोष्ट चारचौघांत सांगायच्या. "मले पयले तपासून घेतलं ह्यानं, भाऊजी. मंग हात धरला." हिवराज मान खाली घालून म्हणायचा, "करंट होता ना पण."

नोकरी विजेच्या खात्यात लागली. देवरी, सालेकसा, नागझिऱ्याच्या कडेची गावं, जिथं कोणी जायला तयार नसे तिथं याची बदली. एकदा नागझिऱ्याकडे भरदुपारी लाईनमन खांबावर आणि वाघ खांबाखाली, अशी पंचाईत झाली. हिवराज जीपमधून उतरला, वाघासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "लाईनीखाली बसाचं परमिट आहे काय?" वाघानं थोडा विचार केला आणि उठून गेला. यशोदावहिनी म्हणतात, तो कोल्हा होता. असेल. मी तिथं नव्हतो, पण हिवराजला ओळखत होतो, म्हणून सांगतो की वाघ असता तरी यानं तेच विचारलं असतं. कारण साहेबांनाही तो तेच विचारायचा. अर्थिंग नसलेल्या मिलला कनेक्शन दे म्हणून वरून निरोप आला की हा कागदावर लिहायचा, 'अर्थिंग नाही, कनेक्शन नाही', आणि खाली सही ठोकायचा. मग मिलला कनेक्शन मिळायचं दुसऱ्याच्या सहीनं, आणि याला मिळायची बदली. बरोबरीचे लोक मोठ्या खुर्च्यांवर गेले. हा ज्या हुद्द्यावर होता तिथूनच निवृत्त झाला. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्याला 'तत्त्वनिष्ठ' म्हटलं. आमच्याकडे हा शब्द माणूस कामातून गेल्याची खात्री झाल्यावरच वापरतात.

निवृत्तीनंतर लोक तीर्थाला जातात. हिवराज शाळेत जायला लागला. मोपेडवर पुढे पाण्याचा कॅन, मागे मिठाचं आणि कोळशाचं पोतं. झेडपीच्या शाळा, अंगणवाड्या, पिठाच्या गिरण्या, गावोगावी जाऊन हा स्वतः खड्डा खणून घ्यायचा, त्यात मीठ-कोळसा भरायचा, लोखंडी पाईप उभा करायचा आणि इमारतीची तार त्या पाईपला जोडून द्यायचा. एवढ्यावर काम संपत नाही. उन्हाळ्यात माती वाळली की करंटची वाट बंद होते, म्हणून त्या पाईपात पाणी ओतत राहावं लागतं. मार्च लागला की हा कॅन घेऊन फिरतीवर. सौंदडपासून कामठ्यापर्यंत लोखंडाच्या पाईपांना पाणी घालत फिरणारा माणूस लोकांनी कधी पाहिला नव्हता. "साहेब, याले पालवी कधी फुटंल?" पोरं विचारायची. हा म्हणायचा, "नाई फुटली म्हंजे समज, चांगलं चालून राहिलं." एका गावात तर बायकांनी त्या पाईपाला पाणी घालून, कुंकू लावून नारळ फोडायला सुरुवात केली, कारण एवढा शिकलेला साहेब लांबून येऊन पाणी घालतो म्हणजे देवच असणार. हिवराजनं त्यांना अडवलं नाही. म्हणाला, "देव समजून का होईना, पाणी तं घालतात."

आता भवनाचं सांगतो. हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

त्याच्या समाजानं गोंदियाच्या बाहेर रस्त्याला लागून मोठं भवन बांधलं. लग्नं, सभा, वधू-वर मेळावे. विजेचं सगळं काम हिवराजनं फुकट करून दिलं, आणि दरवाज्याच्या बाजूला, नळाजवळ, अर्थिंगचा खड्डा करून घेतला. नळाजवळ कशाला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी घालणं सोपं जावं. पुढे अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांनी देणगीदारांच्या नावांची कमान उभारली आणि कमानीखाली चकचकीत फरशी घातली. पाईप चार बोटं वर येत होता. फरशीवाल्यानं तो कापला, सुटलेली तार आत दाबली आणि वरून फरशी बसवली. हिवराज धावत गेला तेव्हा मी सोबत होतो. अध्यक्ष म्हणाले, "अरे हिवराजभाऊ, छोडो ना. व्हिडिओत वाईट दिसत होतं ते. नवरदेवाची एन्ट्री तिथूनच होते." हिवराज म्हणाला, "मंग करंटची एन्ट्री कुठून होईल?" सगळे हसले. मागच्या बाजूला नवा खड्डा करून देतो, असा शब्द अध्यक्षांनी दिला. पुढच्या सभेत सांगितलं की झाला. हिवराजनं मागे जाऊन पाहिलं तर तिथं आचाऱ्याची चूल होती. त्यानं सभेत उठून तसं सांगितलं, तर त्याला बसायला सांगितलं गेलं, आणि त्याच सभेत शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार झाला. ती शाल त्यानं पांघरली नाही, मोपेड पुसायला ठेवली. भवनात जाणं बंद केलं. या मे महिन्यात पुतणीचं लग्न होतं म्हणून गेला.

इथं मी एक शब्दही वाढवणार नाही. जेवणाच्या हॉलमध्ये लोखंडी कूलर होता, त्यातून पाणी गळत होतं आणि फरशी ओली होती. ताटं उचलणारी देवकाबाई घाम पुसत कूलरला टेकली आणि चिकटली. हिवराज पंगतीतून अनवाणी उठला आणि मेन स्विचकडे धावला. त्या खोलीला कुलूप होतं. किल्ली सचिवांकडे, आणि सचिव वरातीपुढे नाचत होते. हा परत आला, प्लॅस्टिकची खुर्ची उचलून त्यानं बाईला ढकललं. ती सुटली, खाली पडली. त्या धक्क्यानं स्टँडवरचा कूलर तिच्या अंगावर कलंडला. हिवराजनं तो हातांनी थोपवला. दोन्ही हातांनी, सुलट्या... देवकाबाई तेराव्याच्या आधी वहिनींकडे आली आणि हे सगळं सांगून गेली. तिला कोणीतरी बजावलं होतं की विचारलं तर अटॅक म्हणायचं. ती वहिनींना म्हणाली, "बाई, मी उष्टं उचलतो, पण असं खोटं मायाच्यानं नाई उचलत."

समितीनं शोकसभा घेतली. अध्यक्ष रडले, आणि खरं सांगायचं तर चांगले रडले. भवनाला हिवराजचं नाव द्यायचं ठरलं. ते सांगायला मंडळी घरी गेली तेव्हा मी ओसरीवर होतो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "नाव नको," त्या म्हणाल्या. "खड्डा उघडा. पुढच्या हंगामात आणखी लग्नं हायेत. कोणाची ना कोणाची पोरगी तिथं उभी राहीन." अध्यक्षांनी हात जोडले. "वहिनी, काम झालं समजा. आपण फक्त या." हे 'झालं समजा' मी गिऱ्हाइकांना रोज म्हणतो. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. वहिनींना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "शब्द देल्ला ना, भाऊजी. पाहू."

गेल्या आठवड्यात भवनाला नाव द्यायचा कार्यक्रम झाला. वहिनी पांढऱ्या लुगड्यात आल्या, आणि हातात हिवराजचा तो पाण्याचा कॅन. सत्काराच्या खुर्चीकडे न जाता त्या सरळ कमानीखाली नळाजवळ गेल्या. फरशी तशीच होती. तिच्यावर कोणीतरी रांगोळीनं हिवराजचं नाव काढलं होतं. वहिनी वाकल्या आणि त्यांनी कॅन तिथं ओतला. पाणी फरशीवरून घरंगळलं, नाव घेऊन पायऱ्या उतरलं आणि रस्त्यावर गेलं. अध्यक्ष घाईनं आले. "वहिनी, आप भी ना... कोणाचा पाय घसरंल." त्यांनी पोछा आणायला माणूस पाठवला. वहिनी त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मुरलं नाई, भाऊ." बस, तेवढंच. मी त्यांच्या हातातला रिकामा कॅन घेतला.

आत स्टेजवर हिवराजचा मोठा फोटो होता. स्टीलची चकचकीत चौकट, भोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ, आणि माळेची वायर भवनाच्याच भिंतीतल्या बोर्डात खुपसलेली. वहिनींना हार दिला गेला. सगळे उभे राहिले. वहिनी फोटोसमोर गेल्या, हार एका हातात घेतला, दुसरा हात चौकटीकडे नेला आणि थांबल्या. मग त्यांनी तळवा वळवला आणि हाताची मागची बाजू हळूच नवऱ्याच्या चौकटीला टेकवून पाहिली... समोरून फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, हात सीधा करा ना. फोटोत बरोबर नाई दिसून राहिला."