आबांची पहिली हाक

आबा जेवायचेसुद्धा उभ्याने. डाव्या हातावर ताट, उजव्या हातात घास आणि पाय खिडकीपासून मोरीपर्यंत नि मोरीपासून खिडकीपर्यंत चालू. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण बहरीनमध्ये मनामापासून सलमाबादपर्यंतची मराठी मंडळी त्यांना ‘आबा येरझारे’ म्हणत आणि आबाही त्या नावाला ओ देत. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत, एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानावर आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. आबा किती काळजीत आहेत हे कापडवाल्याला माझ्याआधी कळायचं, कारण त्याच्या डोक्यावरच आबांचे पाय वाजायचे. मी जिना उतरलो की तो हटकून विचारायचा, "क्यों भाई, आज आबा को टेन्शन है क्या?"

मी स्वतः बैठा माणूस. ड्राफ्ट्समनची नोकरी, दिवसभर बोर्डासमोर स्टुलावर आणि घरी आलो की गादीवर. एकदा वैतागून म्हटलं, "आबा, जरा टेका हो. तुमच्याकडे बघून माझे पाय दुखायला लागले."

"बसलं की गंज चढतो रे," आबा म्हणाले आणि पुन्हा मोरीकडे वळले.

ते एसी दुरुस्तीचं काम करायचे. खाऱ्या हवेनं पत्रे कसे खाल्ले जातात हे रोज डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाशी गंजावर वाद कोण घालणार? बुदैयाच्या रस्त्यावरच्या नव्या व्हिलांचे एसी त्यांच्याकडे होते. पिकअप चालवताना ते सिग्नललाही अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चल चल, म्हणून दटावायचे. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर चिपळूणकडे घरी जायचे, तर तिथंही, वहिनी म्हणायच्या, हे आपले अंगणातच येरझाऱ्या घालत.

या फिरत्या माणसाला वर्षातून एकदा मात्र खरोखर सळो की पळो व्हायचं, ते थंडीच्या सुरुवातीला, आमच्या क्रिकेटचे भिडू मागायच्या आठवड्यात. आमच्यात चार टीम होत्या, पण त्या कंपनीवार किंवा गाववार नव्हत्या. तसं केलं की भांडणं होतात हे आधीच्या लोकांनी अनुभवलं होतं. म्हणून दरवर्षी सगळे खेळाडू एकत्र करायचे, एका गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांनी भिंतीला टेकून बसायचं आणि चार कप्तानांनी आळीपाळीनं हाक मारून भिडू घ्यायचा. पहिली हाक कुणाची, ते आठवडाभर आधी चिठ्ठीनं ठरायचं. हाक मारली की कप्तानानं उठून त्या भिडूला स्वतःच्या हातानं चहा द्यायचा. भिडूनं घोट घेतला की खलास, वर्षभर तो त्याचा. मग दर शुक्रवारी त्याला कामगारांच्या कँपवरून आणायचं, खेळवायचं आणि दुपारी घरचं जेवण घालायचं, हे सगळं कप्तानाकडे. कँपवर राहणाऱ्यांना खेळाइतकंच त्या जेवणाचं अप्रूप होतं.

आबा जुने कप्तान, पण कप त्यांच्या हाताला कधी लागला नव्हता. याचं कारण सगळ्यांना पाठ होतं. आबा पहिल्यांदा नेहमी बॉलर घ्यायचे आणि तो बॉलर हटकून मोडायचा. एकाची पाठ धरली, एकाची शिफ्ट बदलली, एक तर ऐन फायनलच्या आधी लग्नासाठी कोल्हापूरला निघून गेला. लोक म्हणत, आबा, एकदा तरी बॅट्समन घ्या. आबांना ते पटायचंही. "बॅट्समन शून्यावर गेला तरी पुढच्या शुक्रवारी धडधाकट उभा असतो. बॉलरचा खांदा गेला की सीझन गेला. कळतं रे मला," ते म्हणायचे. आणि दोन फेऱ्या मारून, "पण मॅच काढतो तो बॉलरच!"

एका सीझनला त्यांनी घेतला दिग्या. साताऱ्याकडचा, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. काथ्याच्या मॅटवर त्याचा चेंडू असा उसळायचा की बँकेतला कर्णिकसुद्धा, जो आमच्यातला सर्वांत भरवशाचा बॅट्समन होता, त्याला मागे सरकून खेळायचा. सीझनच्या शेवटी दिग्याचा उजवा खांदा सुजला. आबांनी त्याला गुपचूप डॉक्टरकडे नेलं, सोबत मी. डॉक्टरनं खांदा फिरवून बघितला आणि स्पष्ट सांगितलं, रोजचं काम चालेल, पण वर्षभर चेंडू टाकायचा नाही. टाकलास तर हात खांद्याच्या वर जायचा नाही. दिग्याचं काम टाक्यांच्या छतांचं, हात वर धरून वेल्डिंग करायचं. हात वर गेला नाही तर नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला.

परतताना पिकअपमध्ये दिग्यानं आम्हा दोघांना शपथ घातली. "आबा, कुणाला बोलू नगा. घोरपडे सायेबाला कळलं तर माझा हिशेब फायनल करून घरी धाडंल."

घोरपडे म्हणजे त्याच्या वर्कशॉपचे मॅनेजर आणि आमच्या दुसऱ्या टीमचे कप्तान. माणूस वाईट नव्हता, पण कामाला अडेल असा हात ठेवून घेणाऱ्यांतला नव्हता.

पुढच्या थंडीत दोन गोष्टी एकदमच झाल्या. आबांच्या कंपनीनं काँट्रॅक्ट वाढवणार नाही असं सांगितलं, म्हणजे हा त्यांचा बहरीनमधला शेवटचा सीझन. आणि चिठ्ठीत पहिली हाक आबांना आली, दुसरी घोरपड्यांना. मी टाळी वाजवली. म्हटलं, "कर्णिकला घ्या आणि कप घेऊन चिपळूणला जा."

आबा खिडकीकडे वळले. त्या आठवड्यात खोलीतल्या लादीची मला दया यायला लागली. सकाळी दाढी करताना चालणं, चहा ओतताना चालणं. एकदा तर कढई गॅसवर ठेवून ते खिडकीशी गेले आणि फोडणी जळून खोलीभर धूर झाला.

"कर्णिक घेतला तर कप आपला, बरोबर?" त्यांनी मला विचारलं.

"बरोबर."

"मग घोरपडे कुणाला घेईल?"

घोरपडे दिग्याला घेणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि घोरपड्यांच्या हातात दिग्या आला की ते त्याच्याकडून टाकता येईल तितकी बॉलिंग करून घेणार. त्यांना खांद्याचं सांगावं, तर नोकरी जाणार. न सांगावं, तर हात जाणार.

"दिग्यालाच सांगा ना यंदा खेळू नकोस म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं. म्हणतो, हात बरा आहे. आणि म्हणतो, मी नाव दिलं नाही तर सायेब पहिलं विचारणार का म्हणून. तेही खरंच आहे रे." आबा पुन्हा खिडकीकडे गेले. "मला कप हवाय. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं इथं घालवली, हातात काहीतरी घेऊन जावंसं वाटतं."

गुरुवारी संध्याकाळी सगळे भिंतीला टेकून बसले. चहाचा मोठा टोप, स्टीलचे पेले. कर्णिक पुढंच बसला होता, आबा आपल्यालाच घेणार म्हणून त्यानं चहासाठी हातही थोडा पुढं केला होता. आबा टोपाभोवती दोनदा फिरले. घोरपडे म्हणाले, "आबा, चहा गार होतोय. यल्ला!"

"दिगंबर," आबा म्हणाले.

खोलीत हशा पिकला. आबा आणि त्यांचे बॉलर! आबांनी पेला भरला तेव्हा तो थोडा सांडला. दिग्यानं घोट घेतला, कानापर्यंत हसला. घोरपड्यांनी लगेच कर्णिकला हाक मारली आणि कर्णिक चहा असा प्याला, जसं औषधच दिलंय. उरल्यासुरल्यांत मी, तो आबांच्याच वाट्याला आलो.

मग सीझनभर आबांनी दिग्याला चेंडूच दिला नाही. त्याला स्लिपमध्ये उभं करायचे, म्हणजे लांबून फेकायलाही नको. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, "राखून ठेवलाय. फायनलला बघा." लोकांनी आबांची यथेच्छ टर उडवली, शेवटच्या वर्षी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाले. टर आबांनी सहज पचवली. दिग्याचा राग मात्र त्यांना लागत होता. आमच्या खोलीवर शुक्रवारच्या जेवणाला तो येईनासा झाला. एकदा पिकअपमधून उतरताना त्यानं दार आपटलं. "मला घेऊन नुसता उभाच करायचा हुता, तर घेतलंसा कशाला?"

आबांनी पिकअप वळवली. घरी येऊन त्याच्या वाटणीची कोंबडी डब्यात भरली आणि ती पोहोचवायला मला सलमाबादला पाठवलं.

तरीही आम्ही फायनलला पोहोचलो, कसे ते मला अजून नीट कळलेलं नाही. समोर घोरपड्यांची टीम, आणि शेवटची ओव्हर आली तेव्हा कर्णिक बॅटिंगला. त्यांना थोड्याच धावा हव्या होत्या. आबा चेंडू हातात घेऊन मिडऑफपासून पंचापर्यंत फेऱ्या मारत होते. दिग्या स्लिपमधून पळत आला. मी जवळच उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

"आबा, द्या. एकच ओव्हर. माझ्यासाठी नव्हं. तुमचा कप हाय ह्यो."

आबांनी चेंडू पुढं केला. खरंच केला. दिग्याची बोटं चेंडूला लागली आणि आबांनी तो मागे घेतला. "कप इथंच राहील रे," ते म्हणाले. "तुला हात घेऊन परत जायचंय."

आणि त्यांनी चेंडू माझ्याकडे दिला. माझी बॉलिंग कशी होती ते सांगण्यासारखं नाही. कर्णिकनं मला पार उभ्या गाड्यांपलीकडे मारलं. घोरपड्यांना कप मिळाला आणि आबा मॅट गुंडाळत राहिले. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी मॅटचं दुसरं टोक धरून चालत राहिलो.

आबा निघाले त्या दिवशी विमानतळावर त्यांचं सामान म्हणजे एक बॅग आणि दोरीनं करकचून बांधलेला एक अवजड खोका. आत ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर, वहिनींसाठी मिक्सर. आबा काउंटरपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते. तेवढ्यात शिफ्टवरून तसाच, कामाच्या कपड्यांत, दिग्या आला. फायनलनंतर तो आबांशी धड बोलला नव्हता. खाली वाकला, खोका उचलला आणि उजव्या हातानं डोक्याच्या वर नेऊन धरला.

"बघा," तो म्हणाला. "दिसभर छताला वेल्डिंग करून आलोय."

आबा बघत राहिले. मग बाजूच्या खुर्चीवर बसले. पिकअप सोडली तर मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. दिग्यानं खोका वजनकाट्यावर ठेवला आणि त्यांच्या पाया पडला. आबांनी त्याचा खांदा चाचपून पाहिला, डॉक्टरसारखा, पुढून आणि मागून.

पुढच्या थंडीत आबांच्या जागी मंडळींनी मला कप्तान केलं. पहिली हाक चिठ्ठीत मलाच आली. इकडे कर्णिक फॉर्मात, तिकडे दिग्याचा खांदा बरा, आणि मी एरवी गादीवरून न हलणारा माणूस. गुरुवारी दुपारी जिना उतरलो तर कापडवाला कापडाचा तागा गुंडाळता गुंडाळता थांबला, त्यानं एकदा छताकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

"क्यों भाई," तो म्हणाला, "आबा गये नहीं क्या?"