सोबत?

महाडच्या खोलीवर आले त्या दिवशी खटकलं ते एवढंच. मंगल दारात उभी राहून “सोबत?” म्हणून ओरडली आणि आतून सुशीला “आले गो” म्हणत जेवत्या ताटावरून उठली. मी दचकले. कुठं आग लागली की काय?

आग नव्हती, घरमालकीण काकूंचा नियम होता. सोबत असल्याशिवाय कुठल्याही मुलीनं उंबरा ओलांडायचा नाही. पोलादपूरहून सोडायला आलेले माझे वडील, अण्णा, खूश झाले. “एकटी फिरलीस तर बी.ए. राहील अर्धं. लगेच घरी.”

तीन मुली, एक खोली आणि असा नियम. पावसाळ्यात दोरीवर कपडे साठतात तसे किस्से साठणारच!

*

इंग्रजीचे सर दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज घरंदाज मुलींबद्दल शिकवत होते. पियानो, भरतकाम, थोडं फ्रेंच. बाहेर जाताना बरोबर एक वडीलधारी बाई. एवढं शिक्षण कशासाठी? तर चांगलं स्थळ मिळावं म्हणून.

तुडीलची सुशीला माझ्या कानात म्हणाली, “म्हंजे सायबाच्या पोरी पन आपल्यावानीच. फक्त पेटी मोठी.”

*

एकदा घरात कुणीच नव्हतं. सुशीला खुशाल लायब्ररीत जाऊन आली. काकूंनी दारातच धरलं.

“सोबत कोण होतं?”

“तुमची शेळी.”

काकूंनी शेळीकडं बघितलं. मग म्हणाल्या, “वाटेत बोकड नाय ना भेटला?”

*

मंगलची दाढ काढायची होती. सोबत मी. डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि चक्कर आली मला. गाल सुजलेल्या मंगलनं मला धरून घरी आणलं.

काकू म्हणाल्या, “या सोबतीला आधी सोबत द्या.”

*

शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर. मंगल, सुशीला आपापले पेपर संपवून गावी गेलेल्या. काकूंचा गुडघा सुजलेला. आणि सकाळीच अण्णा आले. बिरवाडीला स्थळ होतं, मुलगा कारखान्यात. दुपारी पोलादपूरला मला बघायला येणार होते.

“पेपर पुढच्या वर्षी देता येईल,” अण्णा म्हणाले. “पिशवी भर.”

मी पिशवी भरली नाही. पेन आणि हॉलतिकीट घेऊन उंबऱ्याशी आले. पाय पुढं पडेना. तोंडातून सवयीनं निघालं, “सोबत?”

खोली रिकामी. आतून काकू कण्हल्या. ओटीवर अण्णा चहाच्या बशीत बघत बसलेले.

“सोबत?” या वेळी आवाज फाटला.

बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चपला सरकल्याचा.

“आलो गो,” अण्णा म्हणाले.