पाण्यात बसून टाकलेली दोरी

माझ्या लांब राहणाऱ्या नातवंडांनो,

गेल्या सोमवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी माझ्यासमोरच तुम्हाला सांगितलं, की आजी कोकणात पाण्यात पडली, मनगट मोडून घेतलं आणि आता तिचं मासे पकडणं बंद. तुम्ही दोघांनीही गंभीरपणे माना हलवल्यात. मी तोंड उघडायच्या आत तुमची शाळेची बस आली. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमचे बाबा तिथे नव्हते. मी होते.

तुम्हाला माहीत आहे, माझी धाकटी बहीण कोकणात खाडीकाठी राहते. तिचे यजमान जहाजावर होते. ते गेले तेव्हा घरात त्यांचे मासेमारीचे रॉड उरले, आणि ही ओहोटी पाहून एकटीच खाडीच्या तोंडाशी जाऊ लागली. शाळेतून निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात मी ग्वाल्हेरहून तिच्या सोबतीला गेले. काठावर बसून स्वेटर विणायचे. एक दिवस ती म्हणाली, "ताई, त्या सुया ठेव आणि हे धर."

ती स्वतः स्पिनिंग करते. त्यात आमिषालाच वजन असतं. ते भिरकावलं की दोरी मागून जाते. मला तिने फ्लाय रॉड दिला. यातलं आमिष म्हणजे गळावर बांधलेली थोडी पिसं आणि चमकी, फुंकरीने उडेल इतकं हलकं. वजन असतं ते दोरीत. ती आधी मागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे टाकायची. घाई केली की सगळा गुंता डोक्यावर. मला नीटनेटकेपणा आवडतो, त्यामुळे हे काम मला पहिल्याच दिवशी पटलं.

आमच्या दोघींच्याही ताटात मासा येत नाही. पकडलेला मासा आम्ही तिथेच सोडतो. यावर मला दोन्हीकडून ऐकावं लागतं. इथे माझ्या जाऊबाई म्हणतात, "पूजाअर्चेच्या घरात हे काय नवीन?" तिकडे शेजारणी म्हणतात, "खाऊचा नाय तर पकडतास कित्याक?" मला आवडतं, एवढं कारण मला पुरतं.

वर्षाचे उरलेले महिने मी ग्वाल्हेरला, हरिशंकरपुरमच्या आमच्या घराच्या छतावर गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून सराव करायचे. शेजारच्या छतावरून विचारणा झाली, "आंटीजी, बिना पतंग के ही माँझा उड़ा रही हैं?" आमिषासाठी चमकी आणायला टोपी बाजारात गेले, तर दुकानदार म्हणाला, "अम्माजी, लहँगे पे लगेगी कि ब्लाउज़ पे?"

"मछली के लिए चाहिए."

त्याने कात्री खाली ठेवली. "अच्छा! शादी कब है मछली की?"

छतावर माझी दोरी फार सुंदर जायची. पुढच्या हिवाळ्यात त्याच ऐटीत गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि मागे टाकलेली दोरी फटकन पाण्यावर आपटली. समोरचे मासे पळाले. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. घरी माझ्या पाठीमागे कठडा आणि त्याखाली दोन मजले मोकळी हवा होती; दोरी कितीही खाली आली तरी मला कधी कळलंच नव्हतं. बहीण लांबून ओरडली, "ताई, हे तुझं हरिशंकरपुरम नव्हे! इथे मागेही पाणी आहे!"

परतल्यावर मी छत सोडलं. गोरखीजवळच्या एका मैदानात सकाळी बुटक्या स्टुलावर बसून दोरी टाकू लागले. बसल्या जागेवरून ती जमिनीला लागली नाही, तर उभ्याने पाण्यालाही लागणार नाही, असा माझा हिशोब. एक जुनी विद्यार्थिनी फिरायला आली होती. तिने बराच वेळ पाहिलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?"

आता गेल्या हिवाळ्याचं सांगते. भरती चढू लागली की खाडीच्या तोंडाशी वाळूच्या सपाट पट्ट्यावर पोटरीभर पाणी पसरतं, आणि त्यातून रावस मासे चरायला आत येतात. तिथे पाय उचलून चालायचं नसतं, सरकवत चालायचं, कारण वाळूखाली पाकट दडलेलं असतं. तो चपटा मासा, शेपटीला विषारी काटा. पायाची चाहूल लागली की तो निघून जातो. मी नियमाने पाय सरकवत होते. पाकट उठलंही, पण माझ्याच दिशेने. मी दचकून मागे झाले आणि डाव्या हातावर भार देत पाण्यात बदकन बसले.

बहीण धावत येईल असं वाटलं. ती जागेवरूनच ओरडली, "ताई, उठू नकोस! अजिबात हलू नकोस! समोर बघ!"

समोर पाण्यावर सुरकुती उमटली होती आणि ती माझ्याकडे सरकत होती. रावसांचा लहानसा थवा. कमरेपर्यंत पाण्यात बसल्याबसल्याच मी दोरी मागे टाकली, थांबले आणि पुढे सोडली. मागे ती पाण्याला लागली नाही. डाव्या हाताने हळूहळू ओढू लागले आणि पलीकडून धक्का बसला. अशा वेळी रॉड वर झटकायचा मोह होतो. झटकला की मासा गेला. दोरीच हाताने सरळ ओढायची असते. मी ओढली. कळ मनगटातून खांद्यापर्यंत गेली.

बहीण आली, पण तिने मला उठवलं नाही. शेजारी उभी राहून सांगत राहिली, "जाऊ दे, जाऊ दे, आता ओढ." शेवटी मासा जवळ आला. रुपेरी, माझ्या हाताएवढा लांब. तिने गळ काढला, मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून उजव्या हातावर धरलं. थोड्या वेळाने तो आपणहून निघून गेला.

"आनंदाने रडतेस की काय?" बहीण म्हणाली.

"हात मोडलाय."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तूच म्हणालीस, हलू नकोस."

प्लास्टर निघाल्यावर तुमच्या बाबांचा फोन आला. रॉड कोणाला तरी देऊन टाक म्हणाला. "आई, या वयात हे शोभतं का?"

"मग कुठल्या वयात करायचं होतं? तेव्हा मी तुझे डबे भरत होते."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"बसून टाकीन."

मग त्याने माझ्या बहिणीला फोन केला, की मावशी, या वर्षी तिला बोलावू नकोस. ती म्हणाली, "बोलवायचं काय त्यात? तिची खोली झाडून ठेवली आहे." त्यानंतर त्याने तुम्हाला सांगितलं. त्याला काळजी वाटते हे मला समजतं. त्याने काळजी जरूर करावी. दिवाळी झाली की मी निघणार आहे.

डावं मनगट आता पूर्ण वळत नाही. बोटं मात्र मिटतात, आणि दोरी धरता येते. रॉड माझ्याकडेच आहे.